आधी पडदा, मग खिडकी

परवा एका ओळखीच्यांचं बांधकाम बघायला गेले होते. कॉलम उभे राहिलेत, विटांचं काम अर्ध्यावर आलंय. गृहस्थ मोठ्या हौसेनं दाखवत होते. हा हॉल, हे किचन, हे देवघर. आणि ही (इथे त्यांनी दोन्ही हात पसरले) खिडकी! खिडकी कसली, त्या बाजूला भिंतच नव्हती. मी सहज विचारलं, "हिला पडदा कुठून टांगणार?" ते हसले. म्हणाले, "पडद्यांचं काय एवढं, ते शेवटी बघू. ते हिचं डिपार्टमेंट." वहिनीही हसल्या. चहा झाला, मी घरी आले, आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

माझं म्हणणं असं आहे की ज्या खिडकीचा पडदा नकाशात ठरलेला नाही, ती खिडकी बांधूच नये. आणि आपल्या विदर्भात तो पडदा आधी बाहेरून हवा, आतून नंतर. हे टोकाचं वाटेल तुम्हाला. तीन वर्षांपूर्वी मलाही वाटलं असतं.

तीन वर्षांपूर्वी दादानं चोरखमाऱ्याला घर बांधलं. जिल्हा गोंदिया, तालुका तिरोडा. नागझिऱ्याला जाऊन आलेल्यांना गाव ठाऊक असेल, अभयारण्याचं एक गेट तिथे आहे आणि ब्रिटिश काळातला मातीचा बांध घातलेलं मोठं तळं आहे. आमची तिथे थोडी शेती. दादाची सगळी नोकरी कल्याणला गेली. तिथल्या त्याच्या घराची एकुलती एक खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या सांडपाण्याच्या पाइपांकडे उघडायची. ती पाइपांकडेच उघडायची म्हणून ती बहुतेक उघडायचेच नाहीत. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर "मला खुर्चीत बसून सूर्यास्त दिसला पाहिजे" असं म्हटलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. मी हसले नाही. उलट मीच त्याला मासिकातली कात्रणं पाठवली होती. (हे कबूल करून टाकते, नंतर कुणी काढायला नको.)

तर खिडकी झाली. पश्चिमेला, १४ फूट रुंद, जमिनीपासून ९ फूट उंच, आणि तिच्यावर छपराच्या उताराबरोबर चढत जाणारा काचेचा त्रिकोण. समोर धानाच्या बांध्या, कडेला दोन मोहाची झाडं. दोन टोकांच्या झडपा तेवढ्या सरकणाऱ्या, मधली सगळी काच पक्की बसवलेली. फोटोत फार सुंदर दिसायची. अजूनही दिसते.

पडद्यांचं काम माझ्याकडे आलं. अर्थातच! घराला रंग लागला, दिवे लागले, पैसे संपले, तेव्हा नागपूरला फोन आला, "पडद्यांचं तू बघशील ना?" मी टेप घेऊन गेले. आणि तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की नकाशात खिडकीला चौकट असते, झडपा असतात, काचेची जाडीसुद्धा लिहिलेली असते, पण पडद्याची एक रेघ नसते. जणू ही खिडकी कुणी कधी झाकणारच नाही.

म्हणजे बघा. एवढ्या रुंद खिडकीचा पडदा उघडला तर त्याचा गठ्ठा कुठेतरी गोळा होणार. चुण्यांचा पडदा असेल तर काचेच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश जागा त्या गठ्ठ्याला लागते. इथे ती साडेचार फुटांच्या वर, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वादोन-अडीच फूट मोकळी भिंत हवी. डावीकडे मोकळी भिंत होती एक फूट, मग कोपरा. उजवीकडे स्विचबोर्ड. म्हणजे पडदा पूर्ण उघडला तरी काचेचा चांगला भाग झाकलेलाच राहणार. दाराजवळचा दिवा लावायला पडद्यात हात घालायचा, ते वेगळंच. चॅनेलला खिडकीच्या वर पाच-सहा इंच पक्की जागा हवी. तिथे होतं जिप्समचं फॉल्स सीलिंग, त्याच्या आत पोकळी. सीलिंग करतानाच आत लाकडाची पट्टी टाकली असती आणि चॅनेलसाठी खाच सोडली असती तर काही प्रश्न नव्हता. खर्च फार तर दोन पाट्यांचा. पण ते सांगायचं कुणी? पडदे तर शेवटी बघायचे होते.

कापडाचा हिशेब केला तेव्हा दादा गप्प बसला. खिडकीची रुंदी १६८ इंच, दोन्ही बाजूंना फूटभर धरून १९२. नीट चुण्या पडायच्या तर कापड दुप्पट लागतं, ३८४ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंचांचा, म्हणजे आठ पन्हे जोडायचे. वरची-खालची दुमड धरून एकेक पन्हा दहा फुटांच्या वर. एकूण २५ मीटर कापड. दुकानदार म्हणाला, जाड ब्लॅकआउटच घ्या, ऊन आत येणारच नाही, अस्तराचाही खर्च वाचेल. घेतलं. नऊ किलो वजन भरलं. मधला ब्रॅकेट जिप्समच्या पाटीत, भरवसा त्याच्यावर. दुसऱ्या महिन्यात पाटीसकट खाली आला.

इथपर्यंत ही एका फजितीची गोष्ट आहे. फजिती झाली म्हणून मी एवढं लिहीत नाही.

२०२४ चा मे महिना आठवतोय? नागपुरात ३० मे रोजी एका स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की ते यंत्रच बिघडलं होतं. मला त्या बातमीची गंमत वाटली नाही. खरं तापमान दहाएक अंशांनी कमी होतं, म्हणजे तेही पंचेचाळीसच्या घरात! आई तेव्हा दादाकडे होती. वय ८२. तिचा पलंग त्या हॉलमध्येच, कारण घरातली सगळ्यात चांगली खोली ती. सुटलेला रॉड नव्यानं बसवलेला, तीन वाजता पडदे ओढलेले, पंखा फुल, कूलर चालू. मी आत गेले तर डोळ्यांना काही दिसेना इतका अंधार. आई म्हणाली, "अंधार झाला गं, पण ऊन काही गेलं नाही."

मी पडद्याला हात लावला. तवा तापल्यासारखा होता.

दोन दिवसांनी आईला लू लागली. चक्कर, उलट्या, सलाईन. घरी परत आली ती, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "जेवल्या काय" असा नव्हता. "दुपारी कुठे झोपतात?" असा होता. दादानं मान खाली घातली. माझं काय वेगळं होतं?

नंतर शांतपणे बसून समजून घेतलं. काचेतून ऊन सरळ आत येतं, आणि आतल्या ज्या वस्तूवर पडतं तिला तापवतं. तापलेल्या वस्तूची धग मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. आत लावलेल्या पडद्यावर ऊन पडतं म्हणजे ते आधीच घरात शिरलेलं असतं. पडदा त्याचा उजेड अडवतो. उष्णता तो स्वतः पितो आणि खोलीला देतो. पांढऱ्या किंवा चंदेरी पाठीचा पडदा थोडं ऊन काचेतून परत फेकतो, तेवढा फायदा खरा. आमचा होता कॉफी रंगाचा, सोफ्याला मॅच म्हणून.

आणि पश्चिम. मेच्या शेवटच्या आठवड्यात चोरखमाऱ्याला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही असा एक दिवस असतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीला हातभर छज्जा पुरतो. पण संध्याकाळी पाचला तोच सूर्य क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर येऊन समोरून बघतो, तिथे छज्जा काय करणार? १४ बाय ९ ची काच म्हणजे जवळपास बारा चौरस मीटर. स्वच्छ दिवशी त्या वेळी तिच्यातून पाचेक किलोवॅट उष्णता आत येते. पाच इस्त्र्या गरम करून आईच्या पलंगाभोवती ठेवल्यात असं समजा. दीड टनाचा एसी साधारण तेवढीच उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एसी घेतला असता तरी तो आईला गार करायला लागलाच नसता, खिडकीशीच भांडत बसला असता. तेही वीज असेल तेव्हा.

यावर मला बरीच उत्तरं मिळालीत. काचेला फिल्म लावा. दुहेरी काच बसवा. मोटरवर चालणारे रोलर लावा. यातल्या एकालाही मी नावं ठेवत नाही, ज्याच्या खिशाला परवडेल त्यानं करावं. पण ही सगळी उत्तरं खिडकी झाल्यानंतरची आहेत हे लक्षात येतंय ना? मोटरच्या चॅनेललासुद्धा वायरिंगचा पॉइंट प्लास्टरच्या आधी सोडावा लागतो. जो माणूस काचेला मोजून पैसे देतो, तो काच झाकण्याच्या गोष्टीला 'सजावट' का म्हणतो, हा माझा प्रश्न आहे. मला वाटतं याचं कारण साधं आहे. खिडकी जो ठरवतो तो सहसा दुपारी तिच्यामागे नसतो. तो संध्याकाळी येतो, चहा घेऊन सूर्यास्त बघतो. दुपारी तिथे म्हातारी माणसं असतात, बाळंतीण असते, शाळेला सुटी लागलेली मुलं असतात. आणि पडदा हे 'हिचं डिपार्टमेंट' असतं.

रात्रीचं तर विचारूच नका. दिवसा त्या काचेतून बांध्या दिसतात. रात्री दिवा लावला की ती आरसा होते, आतल्याला फक्त आपलंच तोंड दिसतं आणि बाहेरच्याला अख्खं घर. पडदा पडला होता त्या महिनाभर आई पातळ बदलायला मोरीत जायची. स्वतःच्या खोलीतून. कुणाला काही बोलली नाही. वरच्या त्रिकोणाला तर आजवर काहीच लावता आलेलं नाही. तिरप्या चॅनेलवर पडदा सरकत नाही, उताराकडे घसरून एका कोपऱ्यात जमा होतो. तो कायमचा झाकायचा किंवा कायमचा उघडा ठेवायचा, एवढेच दोन पर्याय. त्यातून सकाळी लवकर उजेड येतो, रात्री घरातला उजेड बाहेर जातो, आणि जंगलाला लागून घर असल्यामुळे पावसाळ्यात काचेवर किड्यांचा थर बसतो. दिवसा काचेत मोहाची झाडं दिसतात, ती खरी समजून पाखरं येऊन आपटतात. पहिल्या वर्षी दादानं तीन बुलबुल उचलून टाकले. पक्षी बघायला म्हणून घातलेली खिडकी ही! त्यालाही आतल्या पडद्याचा उपयोग नाही. काचेतलं प्रतिबिंब बाहेरच्या अंगाला असतं, ते मोडायचं तर बाहेरूनच काहीतरी हवं.

हे दुखणं चोरखमाऱ्याचं किंवा आमच्या दादाचं एकट्याचं नाही, एवढ्यासाठी एक उदाहरण देते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात, नदीकाठी, मीस व्हॅन डेर रोह या नामांकित वास्तुशिल्पकारानं एडिथ फार्न्सवर्थ नावाच्या डॉक्टर बाईंसाठी घर बांधलं. १९५१ साली पूर्ण झालं. चारही बाजूंनी काच. जगभरातले आर्किटेक्चरचे विद्यार्थी आजही त्याचे फोटो बघतात. बाईंचं आणि त्यांचं प्रकरण खर्चावरून कोर्टात गेलं. सतत कुणाच्या तरी नजरेसमोर राहावं लागतं, ही त्यांची तक्रार होती. पुढे डासांसाठी ओसरीला जाळीही बसवून घ्यावी लागली. त्या घराला पडदे होते बरं का, चांगले रेशमी. आतून.

आणि आपल्याकडे काय होतं? गोंदियातलं आजोबांचं घर मला आठवतं. कवेलूचं छप्पर, दोन-अडीच फुटांच्या खिडक्या, लाकडी झडपा. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि दर तासाला त्यांच्यावर पाणी मारायचं काम आम्हा पोरांचं. बाहेरची कोरडी झळ त्या ओल्या ताटीतून आत येताना गार होऊन यायची. म्हणजे ऊन बाहेर अडायचं आणि वारा आत यायचा. आमच्या १४ फुटी खिडकीला वाळ्याची ताटी लावून काय करणार? मधली काच उघडतच नाही.

जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाही. आजोबांच्या घरात दुपारी दोनला वाचायला दिवा लावावा लागायचा, आणि आजीचं सगळं आयुष्य त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेलं. मोठी खिडकी मलाही आवडते. पण त्या लोकांना ताटीला दोर कुठे बांधायचा, तो खिळा खिडकीबरोबरच ठोकायचा असतो, एवढं कळत होतं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर नाटकं चालतात. तिथला मंडपवालासुद्धा पडदा कुठून पडणार आणि तो ओढणारा कुठे उभा राहणार हे ठरल्याशिवाय स्टेज उभं करत नाही. नाटकाला जे कळतं ते घराला कळू नये?

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. तिरोड्याकडचे एक बुरडकाका आले. बांबूच्या चिका विणतात. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि म्हणाले, "हा आतून कायले लावला जी? ऊन तं बाहेर हाये." मी पंचवीस मीटर कापडाचा हिशेब त्यांना सांगितला नाही.

चिक एकसंध १४ फुटांची करायची नाही, असं त्यांनी बजावलं. ओढवत नाही आणि मधून झोळ पडतो. साडेतीन-साडेतीन फुटांच्या चार केल्या. भिंतीला चिकटून टांगल्या तर मधली हवा तापून काचेलाच धग देते, म्हणून वेल्डरकडून लोखंडी अँगल करून घेतला आणि चिका काचेपासून फूटभर पुढे आणल्या. खाली प्रत्येकीला दोन कड्या, कारण मे महिन्यातलं वादळ आलं की सुटी चिक पतंगासारखी उडते. अँगल बसवताना नव्या रंगावर ड्रिल चालवावं लागलं, दादाचा जीव तुटत होता. सरकत्या झडपांची डासांची जाळी बाहेरच्या अंगाला होती, ती काढून आत घ्यावी लागली. हे सगळं बांधतानाच केलं असतं तर निम्म्या खर्चात झालं असतं, आणि अँगलऐवजी व्यवस्थित रुंद छज्जा घेता आला असता, म्हणजे चिका पावसातही टिकल्या असत्या. आता पावसाळ्याआधी त्या उतरवून माळ्यावर टाकायच्या. तीन-चार वर्षं टिकतील म्हणे. एक वानरांनी आत्ताच उसवली आहे.

पण पहिल्याच दुपारी पडदा हाताला गरम लागला नाही. खोलीत काळोखही नव्हता, बांबूच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या आणि बाहेरचं आतून दिसत होतं. बाहेरून मात्र आतलं काही दिसत नव्हतं. बुलबुलही त्यानंतर आपटल्याचं दादा म्हणाला नाही. आतले पडदेही ठेवलेत, रात्रीसाठी. नवे साधे सुती घेतले, आधी कापड पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवायला दिलं, आणि ते भिंतीत पक्क्या ठोकलेल्या चॅनेलवर चार तुकड्यांत टांगले. उंची तीन ठिकाणी मोजली. बरं झालं मोजली. डाव्या आणि उजव्या टोकात पाऊण इंचाचा फरक निघाला. नव्या घराच्या जमिनीवर विश्वास ठेवू नका.

आई मात्र त्या खोलीत परत गेली नाही. स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत, अडीच फुटांच्या खिडकीपाशी पलंग लावून घेतलाय तिनं. दादानं दोनदा विचारलं. "तुझी खिडकी तू बघ," म्हणाली. रागानं नाही, सहज. साडेसहाला तो एकेक दोर ओढून चारही चिका वर करतो आणि खुर्चीत बसतो. कधी कधी तीही येऊन बसते, सूर्य मोहाच्या खाली उतरल्यावर.

असो. त्या ओळखीच्यांना उद्या सकाळी फोन करायचा आहे. खिडकीवरचा बीम पुढच्या आठवड्यात भरणार आहेत, असं बोलता बोलता म्हणाले होते. बाहेरून अँगल घ्यायचा असेल तर सळया बांधतानाच हूक सोडता येतील. आणि वहिनींशीही बोलायचंय, पण फोन त्यांनाच करीन, त्यांना नाही.. म्हणजे गृहस्थांना.